दम लागणे आणि दम घेणे

मराठीतला 'दम' हा शब्द मोठा गमतीचा आहे. चार जिने चढून आलेल्या माणसाला दम लागतो, म्हणजे त्याची शक्ती कमी पडते. पण 'गड्यात दम आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या शक्तीचीच ग्वाही देत असतो. या दोन टोकांच्या मध्ये तिसरा प्रयोग आहे: दम घेणे. डोक्यावरचे ओझे उतरवून घाटातल्या धोंडीवर टेकलेला हमाल दम घेतो, श्वास जागेवर येऊ देतो आणि मग पुन्हा उठतो. थकवा, विसावा आणि ताकद हे तिन्ही अर्थ भाषेने एकाच शब्दात गोळा करून ठेवले आहेत.

वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तके वाचायचा मला नाद आहे. त्या वाचनात हळूहळू ध्यानात आले की या तीन अर्थांचा परस्परसंबंध समजायला वैद्यकाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. नाडी, श्वास, रक्तदाब आणि शरीराचे तापमान या चार गोष्टींना डॉक्टर जिवंतपणाच्या मूलभूत खुणा मानतात. रोग्याच्या खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या तक्त्यावर त्यांचेच आकडे असतात. व्यायाम केला की या चारही खुणा बदलतात. नाडी दुपटीने धावू लागते, श्वास फुलतो, वरचा रक्तदाब चढतो, अंग तापते. पण तापाने फणफणलेल्या, घाबरलेल्या किंवा हृदय दुबळे झालेल्या माणसाच्या बाबतीतही यांतल्या कितीतरी गोष्टी घडतात. मग धावून आलेला निरोगी माणूस आणि खाटेवरचा रोगी यांच्यातला फरक नुसत्या आकड्यांवरून ओळखायचा कसा?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. त्याचे उत्तर चुकले तेव्हा धडधाकट धावपटूंना रोगी ठरवण्यात आले, सैनिकांच्या कपाळी हृदयरोगाचा शिक्का बसला, आणि खरे रोगी आठवडेच्या आठवडे खाटेला खिळवले गेले. त्या उत्तराचा शोध कसा लागत गेला, हे या लेखात मांडायचे आहे.

घड्याळाच्या आधी

व्यायाम किती करावा, हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही पडला होता. सुश्रुतसंहितेत त्याचे उत्तर 'अर्ध्या बळाइतका' असे आहे. पण आपले बळ किती आणि त्याचे अर्धे किती, हे माणसाने कसे ठरवायचे? त्याची खूणही तिथेच दिली आहे. व्यायाम करता करता हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच मर्यादा ऋतूंशी जोडली. स्निग्ध खाणाऱ्या बलवान माणसाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत जावे, इतर ऋतूंत त्याहून कमी. अति व्यायाम करणाऱ्याला त्याने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. पराक्रम मोठा, पण शेवटी नाश स्वतःचाच.

या ग्रंथकारांनी व्यायामाची खूण म्हणून नाडी घेतलेली नाही, श्वास घेतला. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत आज आपल्याला ठाऊक असलेली नाडीपरीक्षा नाही. ती पुढे शार्ङ्गधरसंहितेत स्पष्टपणे येते, आणि तिथेही नाडीची गती साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीवरून ओळखली जाते. नाडीची जात त्या वैद्यांना कळत होती. मात्र आकडा त्यांच्याकडे नव्हता, कारण मिनिट मोजणारे साधनच नव्हते.

युरोपातही तीच अडचण होती. तिच्यातून पहिली वाट काढली ती पादुआच्या सांतोरिओ सांतोरिओ या वैद्याने, सतराव्या शतकाच्या आरंभी. हा गृहस्थ मोजण्याने झपाटलेला होता. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो वर्षानुवर्षे स्वतःचे वजन, अन्नाचे वजन आणि मलमूत्राचे वजन करत राहिला. नाडीसाठी त्याने लंबक वापरला. दोरीला गोळा बांधायचा, तो झुलवायचा, आणि त्याचा झोका नाडीच्या ठोक्याशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची. नाडी जलद असेल तर दोरी आखूड होणार. म्हणजे सांतोरिओची नाडी मिनिटाच्या ठोक्यांत नसून दोरीच्या लांबीत होती! तरीही त्यामुळे एक मोठी गोष्ट साधली. आजची नाडी कालच्या नाडीशी ताडून पाहता येऊ लागली.

मिनिटाचा हिशेब आणला तो इंग्लंडमधल्या लिचफिल्ड गावच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरने. फ्लॉयर स्वतः दमेकरी होता आणि १६९८ मध्ये त्याने दम्यावर ग्रंथ लिहिला होता. त्याने सॅम्युअल वॉटसन या घड्याळजीकडून बरोबर एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ मध्ये नाडीच्या घड्याळावर पुस्तक काढले. वय, ऋतू, आहार आणि श्रम यांनी नाडीत काय फरक पडतो, याच्या नोंदी करण्याचा त्याने सपाटा लावला. पुढे पाव शतकाने डब्लिनच्या ब्रायन रॉबिन्सनने एकाच माणसाची नाडी वेगवेगळ्या अवस्थांत मोजली. आडवे पडल्यावर ती साठ-पासष्टच्या घरात होती, झपझप चालल्यावर शंभराच्या आसपास गेली आणि जीव खाऊन धावल्यावर दीडशेच्या घरात. या तीन आकड्यांत माणूस एकच होता आणि तो आजारी नव्हता. 'या माणसाची नाडी किती?' हा प्रश्नच अपुरा आहे, 'काय करताना किती?' असे विचारायला हवे, हे यातून पहिल्यांदा दिसले.

श्रम करणारे आणि मोजणारे

श्रमात श्वास का वाढतो, याचा छडा १७९०च्या आसपास पॅरिसमध्ये लागला. आंत्वान लाव्हाझिए आणि त्याचा सहकारी आर्मां सेगँ यांनी माणसाला किती प्राणवायू लागतो ते मोजायला घेतले. प्रयोगाचा माणूस सेगँच. तोंडाला मुखवटा बांधून तो कधी स्वस्थ बसे, तर कधी पायाने पावटा दाबून वजन उचलण्याचे काम करी. लाव्हाझिएची पत्नी मारी-आन नोंदी घेई. या प्रयोगांची तिने काढलेली चित्रे आजही उपलब्ध आहेत आणि त्यांत टेबलाशी बसलेली ती स्वतःही दिसते. उपाशीपोटी, स्वस्थ बसलेल्या सेगँला तासाला सुमारे १,२०० घन इंच प्राणवायू लागला. उपाशीपोटीच वजन उचलण्याचे काम करताना तो ३,२०० वर गेला आणि जेवून काम करताना ४,६०० वर. नाडी आणि श्वास यांच्या वाढीमागे एक व्यवहार आहे, हे यावरून स्पष्ट झाले. श्रमाला इंधन लागते, इंधन जाळायला प्राणवायू लागतो, आणि तो आणून पोचवायचे काम फुप्फुसांचे आणि हृदयाचे.

लाव्हाझिए एवढ्यावर थांबला नाही. भाषण ठोकणारा वक्ता किंवा वाद्य वाजवणारा कलावंत यांच्या श्रमांचीही वजन उचलण्याच्या श्रमांशी तुलना करता येईल, असे त्याने म्हटले. आणि त्याच निबंधात त्याने अस्वस्थ करणारा प्रश्न विचारला. हातांच्या कष्टावर जगणाऱ्या गरिबाच्या शरीराचे ज्वलन आळशी श्रीमंतापेक्षा जास्त, म्हणजे त्याला अन्नही जास्त हवे. मग ज्याला जास्त हवे त्याला कमी आणि ज्याला कमी पुरते त्याच्या पानात उतू जाईल इतके, असे का? राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत विचारलेला हा प्रश्न होता. पण लाव्हाझिए राजाच्या करवसुलीच्या कंपनीतला भागीदार. त्याच गुन्ह्याखाली ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

श्रमाचे मोजमाप आणि श्रम करणाऱ्याची दैना यांची पुढची गाठ इंग्लंडच्या तुरुंगात पडते. विल्यम क्युबिट या इंजिनियरने १८१८च्या सुमारास कैद्यांसाठी एक मोठे आडवे चाक तयार केले. त्याच्या परिघावर पायऱ्या बसवलेल्या असत. कैदी ओळीने उभे राहत, वरच्या आडव्या दांडीला धरत आणि पायाखालून खाली सरकणाऱ्या पायऱ्या चढतच राहत. चढणे कधी संपत नसे आणि माणूस वरही पोचत नसे. काही ठिकाणी चाकाने धान्य दळले जाई, अनेक ठिकाणी काहीच दळले जात नसे. या शिक्षेचे नाव ट्रेडमिल. आज व्यायामशाळेत महिन्याची वर्गणी भरून ज्या यंत्रावर आपण चढतो, त्याने हे नाव तिथून घेतले आहे.

लंडनच्या कोल्डबाथ फिल्ड्स तुरुंगात १८५०च्या दशकात एडवर्ड स्मिथ नावाचा डॉक्टर उपकरणे घेऊन पोचला. श्वासावाटे आत जाणारी हवा मोजायची, बाहेर पडणारा कर्बवायू शोषून त्याचे वजन करायचे आणि नाडी मोजायची, अशी त्याची पद्धत. तिथे कैदी पाव तास चाकावर आणि पाव तास विसाव्याला, असे आळीपाळीने दिवसाला पावणेचार तास चढत. स्मिथने स्वतःच्या शरीरावर आणि कैद्यांवरही मापे घेतली. निष्कर्ष असा, की न्यायाधीशाने कागदावर लिहिलेली 'सक्तमजुरी' प्रत्येक तुरुंगात आणि प्रत्येक शरीरात वेगळी असते. जी शिक्षा एकाला नुसता घाम फोडते, तीच दुसऱ्याच्या प्राणाशी खेळते. शिक्षा मोजायची तर दिवसांत नव्हे, श्वासांत मोजली पाहिजे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. इंग्लंडमध्ये हे चाक १८९८च्या तुरुंग कायद्याने बंद झाले.

या दोन प्रयोगांनी श्रमाचा खर्च कळला. पण हा खर्च शरीराला झिजवतो की घडवतो, हा प्रश्न अजून तसाच होता.

मोठ्या हृदयाची भीती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक डॉक्टरांचा कल 'झिजवतो' या उत्तराकडे होता. १८६७ मध्ये एफ. सी. स्के या नामांकित शल्यवैद्याने लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नौकाशर्यतीवर हल्ला चढवला. इतक्या जिवावरच्या श्रमाने तरुण पोरांची हृदये कायमची अधू होतात, असे त्याचे म्हणणे. त्यावर मोठी खडाजंगी झाली. जॉन मॉर्गन या मँचेस्टरच्या डॉक्टरने मात्र वादात न पडता पत्ते गोळा केले. त्याने १८२९ पासून १८६९ पर्यंत या शर्यतीत वल्ही मारलेल्या प्रत्येक माणसाचा किंवा त्याच्या नातेवाइकांचा माग काढला आणि २९४ जणांची माहिती मिळवली. त्यांतल्या ११५ जणांनी फायदा झाल्याचे सांगितले, १६२ जणांनी काही अपाय झाला नाही असे कळवले आणि १७ जणांच्या बाबतीत अपायाची तक्रार होती. आयुर्मानाच्या त्या काळच्या कोष्टकांशी ताडले तर हे वल्हेकरी सरासरी दोन वर्षे जास्त जगत होते. त्याचे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. कॉलेजात जाणारी ही पोरे मुळात सुखवस्तू घरांतली, तेव्हा दोन वर्षांचे श्रेय सगळे वल्ह्यांना देता येणार नाही. पण मताला माहितीने उत्तर द्यायची रीत मॉर्गनने घालून दिली.

१८९९ मध्ये स्वीडनच्या उप्सालामधल्या साॅलोमन हेन्शेनने बर्फावर लांब पल्ल्याचे स्की चालवणाऱ्या स्पर्धकांची हृदये तपासली. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम चार वर्षे झाली होती. हेन्शेनचे साधन म्हणजे त्याची बोटे. छातीवर बोटे ठोकून येणाऱ्या आवाजावरून त्याने हृदयाची कड आखली आणि सांगितले की या खेळाडूंची हृदये मोठी आहेत. त्याच्या मते हे मोठेपण आजाराचे नव्हते, जास्त काम करता येण्याचे होते. पण 'खेळाडूचे हृदय' हा शब्दप्रयोग वैद्यकात रुळला तो कौतुकापेक्षा धास्तीने. सुजलेले हृदय आणि कमावलेले हृदय यांत फरक करायचा कसा, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते.

क्लॅरेन्स डिमार या अमेरिकन धावपटूला याची झळ बसली. हृदयाच्या ठोक्यांत जास्तीचा आवाज ऐकू येतो, तेव्हा धावणे सोड, असा सल्ला त्याला १९११च्या बॉस्टन मॅरेथॉनच्या सुमारास डॉक्टरांनी दिला. ती शर्यत त्याने जिंकली, पण पुढची काही वर्षे तो मोठ्या स्पर्धांपासून बहुतांशी दूर राहिला. मग परतला आणि १९२२ ते १९३० या काळात तीच शर्यत आणखी सहा वेळा जिंकला. १९५८ मध्ये तो कर्करोगाने वारला, तेव्हा त्याच्या हृदयाची तपासणी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या.

पहिल्या महायुद्धात हीच शंका हजारोंच्या वाट्याला आली. धाप, धडधड, चक्कर आणि जलद नाडी अशा तक्रारी घेऊन सैनिक इस्पितळांत भरती होऊ लागले. हृदयाच्या आवाजावर आणि नाडीच्या आकड्यावर भिस्त ठेवून त्यांच्यावर हृदयरोगाचे शिक्के बसत होते. थॉमस लुईस या हृदयतज्ज्ञाने त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट केली: टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी कवायत. हलकी कवायत झेपली की पुढची, ती झेपली की त्याच्या पुढची. जो चढत गेला तो हळूहळू कामावर जाण्याजोगा झाला, ज्याला झेपेना त्याचा वेगळा विचार झाला. व्यायाम हीच परीक्षा आणि व्यायाम हाच उपचार. १९१८ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिले. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या छातीला कितीही वेळ कान लावला तरी जे कळत नाही, ते त्याला चार पावले चालवल्यावर कळते, हा त्यातला धडा.

लगाम आणि कर्ज

आता थोडे शरीराच्या आत डोकावू. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या आसपास असते. पण हृदयाला येणाऱ्या मज्जातंतूंचा सगळा ताबा काढून घेतला तर ते स्वतःच्या लयीत मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देते. म्हणजे विसाव्याच्या वेळी कुणीतरी त्याचा लगाम खेचून धरलेला असतो. हा लगाम म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस. ती उत्तेजित केली की हृदय मंदावते, हे जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवून दिले होते. आपण उठून चालू लागतो तेव्हा शरीर आधी हा लगाम सैल सोडते. नाडी पहिल्या काही ठोक्यांतच वाढते ती त्यामुळे. श्रम वाढले की मग दुसऱ्या नसा आणि अॅड्रेनलिन चाबूक ओढतात.

हृदय एरवी मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकते. कमावलेल्या शरीरात जोरदार श्रमाच्या वेळी तेच वीस-पंचवीस लिटरपर्यंत जाते. विसाव्यात स्नायूंच्या वाट्याला या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी येतो, श्रमात मात्र चार पंचमांश. पोटाकडचा पुरवठा तात्पुरता आटतो. वरचा रक्तदाब चढतो, पण खालचा बहुधा आहे तिथेच राहतो किंवा किंचित उतरतो, कारण काम करणाऱ्या स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या उघडलेल्या असतात. खर्च झालेल्या इंधनाचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, म्हणून अंग तापते आणि घाम फुटतो. खाटेवरच्या रोग्यात जे आकडे घरातली आग दाखवतात, तेच इथे चुलीतली आग दाखवतात.

चूल विझवल्यानंतरही ऊब राहतेच. धावणे थांबले तरी धाप चालू राहते, ती का? १९२२चे नोबेल मिळवणारा इंग्रज शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल याने त्याला 'प्राणवायूचे कर्ज' म्हटले. तो स्वतः चांगला धावपटू. पाठीवर हवेची पिशवी बांधून, तोंडात नळी धरून तो मँचेस्टरमध्ये गवतावर चकरा मारी आणि त्याच्या श्वासातली हवा तपासली जाई. श्रमाच्या वेळी शरीर जवळच्या शिल्लकीपेक्षा जास्त खर्च करते आणि थांबल्यावर धापा टाकत ते फेडते, अशी त्याची मांडणी होती. तिचा रासायनिक तपशील पुढच्या संशोधकांनी बराच बदलला, पण तिने लक्ष एका नव्या जागी नेले: श्रमानंतरच्या काही मिनिटांकडे.

याच दशकात लोणावळ्यातही अशी मोजमापे चालली होती. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसनांत रक्तदाब किती बदलतो, नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी रक्तदाबमापक आणि क्ष-किरण लावून पाहिले. आपल्याकडे शरीरसाधनेविषयी बोलणारे पुष्कळ होते. शरीराला विचारून मग बोलणारे थोडे, आणि कुवलयानंद त्या थोड्यांपैकी होते.

दुसऱ्या महायुद्धात तरुणांची शारीरिक पात्रता झटपट ठरवायची गरज पडली. हार्वर्डच्या थकवा-संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ल्युसिएन ब्रूहाने १९४३ मध्ये त्यासाठी एक चाचणी दिली, जी आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांतही वर्षानुवर्षे चालत आली आहे. वीस इंच उंचीचे बाक घ्यायचे. मिनिटाला ३० वेळा त्यावर चढायचे-उतरायचे, जास्तीत जास्त पाच मिनिटे. मग बसायचे. बसल्यावर एक मिनिट, दोन मिनिटे आणि तीन मिनिटे झाल्यानंतरची प्रत्येकी अर्ध्या मिनिटाची नाडी मोजायची. चढलेल्या सेकंदांना १०० ने गुणायचे आणि या तीन आकड्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचे. पाच मिनिटे पुरी करणाऱ्याची बेरीज २०० आली तर त्याचे गुण ७५, १५० आली तर १००. या गणितात चढताना नाडी किती वाढली, हे कुठेही विचारलेले नाही. विचारले आहे ते एवढेच, की बसल्यावर ती किती लवकर खाली आली. दम किती लागला यापेक्षा दम कसा घेतला, याला गुण!

खाट आणि जिना

हे सारे धडधाकट माणसांपुरते झाले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्याला मात्र हलू द्यायचे नाही, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्की होती. चार ते सहा आठवडे खाट, तीही सपाट. जखमी हृदयाला विसावा हवा, हा विचार वरवर बिनतोड वाटतो. माझ्या आजोबांना १९६०च्या दशकात झटका आला, तेव्हा त्यांना महिनाभर कुशीवरसुद्धा दुसऱ्यांनी वळवायचे, असा दंडक होता. महिन्याने त्यांना उभे केले, तेव्हा नाडी आपटू लागली आणि पाय लटपटू लागले. घरातल्या सर्वांनी तो हृदयाचा दोष मानला. त्यातला किती दोष हृदयाचा आणि किती खाटेचा, हा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कुणालाच सुचला नाही.

तो प्रश्न बॉस्टनमध्ये विचारला गेला होता. सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी ८१ रोग्यांना झटक्यानंतर लवकरच खाटेवरून उचलून आरामखुर्चीत बसवले आणि १९५२ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले. पायांत रक्ताच्या गुठळ्या होणे, त्या फुप्फुसात जाऊन मृत्यू येणे, मन खचणे, हे खाटेचे शाप टळतात असे त्यांचे म्हणणे होते. मोजून पाहिला तर खाटेचा परिणाम केवढा असतो, हे १९६६ मध्ये डॅलसला बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना त्यांनी तीन आठवडे खाटेवर ठेवले. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी हेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जेवढी क्षमता नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने नेली होती.

याच्या उलट बाजूची साक्ष लंडनच्या दुमजली बसने दिली. जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या बससेवेतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार कामगारांच्या आजाराच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर खाली-वर. पाळीभरात कंडक्टर ५०० ते ७५० पायऱ्या चढतो, असे आढळले. १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निष्कर्ष असा की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि कमी जीवघेणा ठरतो. मॉरिसने स्वतःच त्यावर शंका काढली: जाड माणसेच ड्रायव्हर होत असली तर? मग त्याने कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांच्या कमरेची मापे काढली. ड्रायव्हर खरोखरच नोकरीला लागतानाच घेराने जास्त होते. पण टपालवाटप करणारे पोस्टमन आणि बैठे कारकून अशा इतर जोड्यांतही चित्र तेच होते.

मुंबईत १९३७ ते २०२३ या काळात बेस्टच्या डिझेलवर चालणाऱ्या डबल डेकर धावल्या. तिकिटाची पेटी आणि चिमटा टकटकवत वरच्या मजल्यावर जाणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मॉरिसचा अभ्यास वेगळा समजावून सांगायला नको. त्या माणसाची नाडी दिवसातून शेकडो वेळा चढत होती आणि शेकडो वेळा उतरत होती. माझ्या मते हा उतरण्याचा सरावच त्याच्या उपयोगी पडत असावा. मॉरिसने ते मोजले नव्हते, पण पुढच्या संशोधनाची दिशा तीच होती.

पहिले मिनिट

१९६३ मध्ये सिअॅटलच्या रॉबर्ट ब्रूसने रोग्यांसाठी ट्रेडमिलवरच्या चाचणीचे टप्पे ठरवून दिले. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढत जातो, आणि सोबत हृदयाचा आलेख आणि रक्तदाब घेतला जातो. आपल्याकडे टीएमटी म्हणून मध्यमवर्गाच्या घरोघरी जिचे कागद असतात, तिची सर्वांत रुळलेली पद्धत हीच. लुईसची कवायत आणि क्युबिटचे चाक अशी दोन्ही घराणी तिच्यात एकत्र आली आहेत. शिक्षेचे यंत्र निदानाचे झाले. इथे कैद्याला मिळत नसलेली एक सोय मात्र आहे: 'पुरे' म्हटले की चाक थांबते.

बरीच वर्षे या चाचणीत डॉक्टरांची नजर चढावर होती. नाडी अपेक्षित कमाल आकड्याच्या किती जवळ गेली, ते पाहायचे. २२० मधून वय वजा करायचे ते सर्वश्रुत सूत्र याच काळातले, १९७१ मधले. ते काही अभ्यासांच्या आकड्यांतून काढलेला ढोबळ अंदाज आहे. त्याहून पाच-दहा ठोके इकडे-तिकडे होणारी निरोगी माणसे ढिगाने सापडतात.

मग १९९९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या संशोधकांनी उतार पाहिला. २,४२८ प्रौढांची ट्रेडमिल चाचणी झाल्यावर त्यांनी पहिल्याच मिनिटात नाडी किती ठोक्यांनी खाली आली तेवढेच टिपले आणि सहा वर्षे त्या माणसांचा माग ठेवला. नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरलेल्या गटात या काळात १९ टक्के माणसे दगावली, बाकीच्यांत ५ टक्के. वय आणि इतर आजार हिशेबात घेतल्यावरही हा फरक पुरता पुसला गेला नाही. याचे कारण वेबर बंधूंच्या लगामात सापडते. थांबल्याबरोबर पहिल्या मिनिटात नाडी खाली आणण्याचे काम मुख्यतः व्हेगस करते. ज्याचा लगाम सैल झाला आहे, त्याचे हृदय थांबल्यावरही धावत राहते. नियमित व्यायामाने हा लगाम पुन्हा घट्ट होतो, आणि हृदयाची प्रत्येक फेक मोठी होत असल्याने विसाव्याची नाडीही उतरते. लांब पल्ल्याच्या धावपटूंत ती चाळीसच्या घरात सापडते. पूर्वी याच मंद नाडीकडे रोग म्हणून पाहणारे डॉक्टर कमी नव्हते.

या इतिहासाने मला आकड्यांकडे पाहण्याची एक सवय लावली. आज मनगटावरच्या घड्याळात नाडी दिसते आणि १५० हा आकडा पाहून पन्नाशीतला माणूस दचकतो. क्वचित ते दचकणे योग्यही असते. छातीत दुखले, भोवळ आली किंवा विनाकारण धाप लागली, तर सरळ डॉक्टरकडे जावे. त्यासाठी कोणत्याही इतिहासाची वाट पाहू नये. पण एरवी एकाच आकड्याला एकटे गाठून त्याचा जाब विचारण्यात अर्थ नाही. तो कुठून आला, कशासाठी आला आणि आता कुठे चालला आहे, हे पाहिले पाहिजे. स्केला त्यातला चढ तेवढा दिसला आणि भीती वाटली. मॉर्गन, लुईस, ब्रूहा या मंडळींनी पुढचे पाहिले. शरीर ताण घेते हा त्याचा दोष मानता येत नाही. दोष असेल तर ताण उतरवता न येण्यात आहे.

आपल्या तालमींमध्ये हे कुणी सूत्ररूपाने लिहून ठेवले नसेल. पण जोर-बैठका झाल्यावर पठ्ठ्याला हौद्यातल्या मातीत लगेच आडवे न होऊ देता फिरवणारा, त्याचा श्वास जागेवर आला की नाही ते बघून मगच पुढच्या जोडीला लावणारा वस्ताद, ब्रूहाच्या बाकाशेजारी उभा राहिला असता तर बावचळला नसता. सुश्रुताने श्वासाची खूण सांगितली, फ्लॉयरने घड्याळ दिले, आणि क्लीव्हलँडच्या मंडळींनी त्या घड्याळातले नेमके कोणते मिनिट पाहायचे ते सांगितले. जिना चढून आल्यावर ते मिनिट कुणालाही घरबसल्या मोजता येते, दोन बोटे मनगटावर ठेवून.